काडी, ओव्हन आणि चिमूटभर हिंग

नमस्कार मंडळी. परवा कोथरूडला बहिणीकडे गेलो होतो, ती भाजी आणायला खाली गेलेली आणि आमचे भाचेसाहेब बुचात खोचलेली पेटती काडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दार लावतायत. व्हिडिओ बघून आलेलं खूळ, दुसरं काय. मी ओरडेपर्यंत बटण दाबलंच त्यानं. भर्रर्र असा जाड आवाज आला, ज्योतीतून पिवळट केशरी गोळा सुटला आणि थेट वर छताला जाऊन चिकटला. मी प्लगच उपटला.

तर हा गोळा म्हणजे प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे सुटल्यामुळे वीज वाहून नेणारा वायू. ज्योत म्हणजेच प्लाझ्मा असं बरेच जण सांगतात पण ते तितकंसं खरं नाही हां, काडीची ज्योत म्हणजे मुख्यतः तापलेला वायू, फक्त जळताना त्यात थोडेसे इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात, भाजीतल्या हिंगाएवढे म्हणा. मायक्रोवेव्हला तेवढं हिंग पुरतं. आतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला 245 कोटी वेळा मागेपुढे हेलकावतं, त्यात हे इलेक्ट्रॉन गदागदा हलतात, रेणूंवर आपटतात, आणखी इलेक्ट्रॉन उडवतात, ते पुढच्यांवर आपटतात आणि बघता बघता सगळा वायूच वीज वाहायला लागतो. थंड हवेत हे जमत नाही कारण तिथे रेणूंची दाटी, इलेक्ट्रॉनला वेग घ्यायलाच जागा नाही, लक्ष्मी रोडवर दिवाळीत स्कूटर पळवल्यासारखं. ज्योतीतली हवा गरम म्हणून विरळ, मग रस्ता मोकळा.

आणि तो आवाज? साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमध्ये मायक्रोवेव्ह लहरी सलग नसतातच, आपल्या 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होणाऱ्या विजेच्या लाइनमुळे सेकंदाला 50 झटके बसतात, प्रत्येक झटक्याला गोळा फुगतो नि आकसतो, तीच भर्रर्र.

काडीच लागते असंही नाही, नारायणगावची दोन द्राक्षं चिकटवून ठेवली तरी ठिणगी पडते. पाण्यात मायक्रोवेव्हची तरंगलांबी साधारण द्राक्षाएवढी होते त्यामुळे ऊर्जा आत अडकते आणि दोघं टेकतात तिथे एकवटते, हे कॅनडातल्या संशोधकांनी 2019 साली नीट मोजून दाखवलं. पण घरी करू नका बुवा, काच तडकते, ओव्हन कामातनं जातो आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात ते वेगळंच.

बहिणीच्या ओव्हनला छतावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडलाय. ती म्हणते दूध उतू गेलं असेल. भाचा माझ्याकडे बघतोय, मी खिडकीकडे.