समोरचे उभे राहतात तेव्हा

[दृश्य: संध्याकाळ. किल्ल्यासमोरचा चौक, जमिनीवर बसलेली माणसं]

थीम पार्कमधल्या किल्ल्यासमोरच्या या चौकात दिवसा कुणी थांबत नाही. अंधार पडायला लागला की मात्र लोक येऊन फतकल मारतात, कारण रात्रीच्या शोसाठी जागा धरायची असते. आत्ता या घडीला व्हीलचेअरवरून समोरचं सगळं दिसतंय, पायथ्याच्या फुलांच्या ताटव्यापर्यंत.

[दृश्य: दिवे जातात. गर्दी उठते]

आणि हे बघा. संगीत सुरू झालं, चौक उभा राहिला.

[दृश्य: कॅमेरा खाली, पाठींच्या मागे. किंचित जास्त वेळ ठेवावं]

हे दृश्य मुद्दाम खालून घेतलंय. कॅमेरा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आहे, कारण व्हीलचेअरवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे साधारण ११० ते १३० सेंटिमीटरच्या दरम्यान असतात. समोर पाठपिशव्या, कोपरं, वर धरलेले मोबाइल. बापाच्या खांद्यावर चढलेलं पोर. त्या पोराला काय बोलणार, खालून त्यालाही काही दिसत नव्हतंच.

[दृश्य: किल्ल्याची रेखाकृती, त्यावर नजरेची रेषा]

थोडा हिशेब करू. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नीच्या पार्कमधला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फुटांचा, म्हणजे जवळजवळ ५८ मीटर. समजा तुम्ही त्याच्यापासून १०० मीटरवर खुर्चीत बसला आहात. एक मीटर पुढे कुणीतरी उभं आहे आणि त्याचं डोकं तुमच्या डोळ्यांपेक्षा ५० सेंटिमीटर वर आहे. जमीन सपाट धरली, तर त्या डोक्यावरून जाणारी नजर दर मीटरला अर्धा मीटर चढते. किल्ल्यापाशी पोचेपर्यंत ती ५१ मीटरवर गेलेली असते. खालचं सगळं गेलं, उरला फक्त कळस. त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा पुढचं डोकं जेमतेम १० सेंटिमीटर वर असेल, तर त्याला खालचे १२ मीटर सोडून पूर्ण किल्ला दिसतो.

[दृश्य: आतषबाजी. मग किल्ल्याच्या भिंतीवर धावणारी चित्रं]

शो म्हणजे नुसती आतषबाजी होती, तोवर हे इतकं बोचत नव्हतं. बाण वर फुटतो, मान मागे टाकली की दिसतो. (बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरची पाठ मागे कलत असेल तर मानेलाही त्रास नाही.) पण २०११ मध्ये मॅजिक किंगडमच्या किल्ल्यावर रात्रीच्या शोची चित्रं प्रोजेक्टरने पाडायला सुरुवात झाली. २०२१ मध्ये ती त्याच पार्कातल्या मेन स्ट्रीट या रस्त्याच्या दुकानांच्या दर्शनी भिंतींवरही आली. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये तर १९९२ पासूनच नदीवर पाण्याच्या तुषारांचे पडदे उभे राहतात आणि गोष्ट त्यांवर घडते. शो आभाळातून खाली उतरला, आणि नेमका खांद्यांच्या उंचीला येऊन ठेपला.

[दृश्य: तळ्याकाठचा कठडा, मागे कारंजी]

पाण्याकाठी पहिली रांग मिळाली तर प्रश्न सुटला असं वाटतं. हा कठडा बघा. अमेरिकेत बांधकामाच्या नियमांत अशा कठड्यांची नेहमीची उंची ४२ इंच, म्हणजे १०७ सेंटिमीटर. खुर्चीत बसलेल्या बुटक्या माणसाच्या नजरेला वरचा दांडा, मुलाच्या नजरेला गज.

[दृश्य: जमिनीवरची पट्टी, व्हीलचेअरचं चिन्ह, दिव्याच्या कांड्या घेतलेले कर्मचारी]

राखीव जागा असते. बऱ्याच पार्कांत ती आधी येईल त्याला मिळते. म्हणून लवकर यायचं, खुर्चीची बॅटरी जपायची आणि स्वच्छतागृहात जायचं टाळायचं. सोबत किती जणांना आत घेणार यालाही मर्यादा असते. मोठं कुटुंब असेल तर दोन तुकड्या होतात. शिवाय पट्टीच्या पुढे गर्दीला मज्जाव नसेल, तर राखीव जागा म्हणजे पाठी बघायची राखीव जागा.

[दृश्य: क्रीडागृहाचं जुनं छायाचित्र, कायद्याचं मुखपृष्ठ]

हा मुद्दा कोर्टातही गेलेला आहे. अमेरिकेचा अपंगत्वविषयक कायदा १९९० चा. वॉशिंग्टनमध्ये नवं क्रीडागृह उभं राहत होतं, तेव्हा पॅरालाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या, पक्षाघात झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने विचारलं: प्रेक्षक उठून उभे राहिले की व्हीलचेअरवाल्यांनी काय बघायचं? १९९७ मध्ये अपील न्यायालयाने जवळजवळ सगळ्या व्हीलचेअर जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या वरून दिसलं पाहिजे, हे मान्य केलं. त्या कायद्याखालच्या २०१० च्या मानकांत, जिथे प्रेक्षक उभे राहणं अपेक्षित आहे तिथल्या नजरेच्या रेषांचा नियम थेट लिहिला गेला. खुर्च्यांच्या रांगा असलेल्या प्रेक्षागृहात हे मोजून करता येतं. मोकळ्या चौकात मात्र रांगाच नसतात.

[दृश्य: शो संपला. फाटकाकडे लोटलेली गर्दी]

शो संपल्यावर हा लोंढा. खुर्ची यात घालणं धोक्याचं, म्हणून बहुतेक जण मागे थांबतात आणि घरी उशिरा पोचतात.

[दृश्य: चौथरा, त्याला जोडलेला उतार]

आता हा चौथरा. उंची ५० सेंटिमीटर. खुर्ची वर नेली की १२० वरचे डोळे १७० वर जातात, उभ्या माणसाच्या डोक्याच्या बरोबरीला. उतार १ ला १२ या प्रमाणात धरला तर सहा मीटर लागतो. वर वळायला जागा, कडेला चाक घसरू नये म्हणून कड. पार्कवाले म्हणतात, चौकात एवढी जागा नाही. प्रोजेक्टरच्या मनोऱ्यांसाठी ती निघालेली आहे.