मेंब्रेन चोक का होते?

(दृश्य: पूर्णाकाठचं गाव, बंद आरओ प्लांट, बाजूला रिकाम्या जार)

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलाय. बोअरचं पाणी इथं घशाखाली उतरत नाही, म्हणून गावोगाव आरओ प्लांट आले. त्यातले अनेक बंदही पडले. कारण विचारलं की उत्तर एकच: “मेंब्रेन चोक झाली, पानी येऊन नाही राह्यलं.”

मेंब्रेन म्हणजे नळकांड्यात गुंडाळून बसवलेला पातळ पडदा. दाब दिला की पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. आता हिशेब बघा. 100 लिटरमधून 50 लिटर गोडं पाणी काढलं, तर उरलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. 75 लिटर काढलं, तर चौपट. पडद्याला लागून असलेल्या पाण्यात त्याहूनही जास्त. मग कॅल्शियमचे क्षार विरघळून राहत नाहीत, पडद्यावर खपली धरतात. जास्त पाणी मिळावं म्हणून रिजेक्टचा, म्हणजे उरलेलं खारं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आवळला, की हे आणखी लवकर होतं.

(दृश्य: कापून उघडलेली मेंब्रेन)

हा बुळबुळीत थर मात्र क्षारांचा नाही, जंतूंचा आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरताना हाच मोठा त्रास, कारण जंतूंचं खाद्य त्या पाण्यातच असतं. सिंगापूर 2003 पासून वापरलेल्या पाण्यातून ‘न्यूवॉटर’ बनवतं. तिथं आरओच्या आधी पाणी आणखी एका बारीक पडद्यातून गाळून घेतात. जंतू मारायला भरपूर क्लोरीन टाकावं, तर तेही चालत नाही. आजच्या बहुतेक आरओ मेंब्रेन पॉलिअमाइड नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि मोकळं क्लोरीन त्यांना कायमचं खराब करतं.

मेंब्रेन धुता येते. खपली अ‍ॅसिडने सुटते, जंतूंचा थर अल्कलीने. दोन्ही असतील तर सहसा आधी अल्कली. पण वेळ महत्त्वाची: त्याच दाबाला, त्याच पाण्यावर उत्पादन 10 ते 15 टक्क्यांनी घटलं की धुवायला हवं. गावात ते निम्म्यावर येईपर्यंत कुणी बघत नाही, कारण रोजचा दाब आणि पाणी लिहून ठेवायला ऑपरेटरला कुणी सांगितलेलंच नसतं. तोवर थर घट्ट बसतो, नवी मेंब्रेन घ्यावी लागते, आणि तिचे पैसे ग्रामपंचायतीकडे नसतात. इतक्या साध्या कारणानं गावाचं पिण्याचं पाणी थांबावं, हे मनाला लागतं.

प्लांट घेताना ग्रामपंचायतीनं करारातच लिहून घ्यावं: अँटिस्केलंट, म्हणजे खपली धरू नये म्हणून पाण्यात टाकायचं रसायन, कोण भरणार, धुण्याची टाकी आणि पंप सोबत येणार का, आणि नोंदवही दर महिन्याला कोण तपासणार.