डब्यातला साहेब

पाळकसाहेबांनी विषय दिलाय ‘दयाळू शोमरोनी आणि आपण’. वेळ अर्ध्या तासाची, त्यातली बरीचशी माझी ओळख करून देण्यात गेली. येशूच्या दाखल्यातल्या, लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या त्या शोमरोन्याकडे येतोच. आधी जरा आगगाडीत बसू.

१८९३ साल. नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा साहेब. त्या काळी साहेबाच्या डब्यात नेटिव्ह माणूस शिरला की काय होई, ते तुम्हाला सांगायला नको. हा साहेब मात्र सौजन्याने वागला. बोलता बोलता गाडी धर्मावर आली. निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि वर भाकीतही केलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल! चित्पावन ब्राह्मणाला हे सांगायला छाती लागते. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. (लक्ष्मीबाईंवर त्यामुळे काय ओढवलं हा वेगळा विषय. त्यात शिरलो तर पाळकसाहेब आत्ताच घंटा वाजवतील.)

आता त्या साहेबाचं नाव सांगा. सांगा ना, एवढी शिकलेली मंडळी बसलीय! नाही ना ठाऊक? टिळकांनाही ते कधी कळलं नाही. आपण दर रविवारी टिळकांची गीतं गातो, पण ज्याच्यामुळे ती आपल्यापर्यंत आली, त्याच्या नावाची पाटी कुठेच नाही.

सगळे म्हणतात, ही त्या पुस्तकाची किमया. मी म्हणतो, आधी वागणूक. साहेबाने तोंड फिरवून पुस्तक पुढे केलं असतं, तर पुढच्या स्टेशनाच्या आतच ते खिडकीबाहेर गेलं असतं.

आणि आपण? दया म्हटली की आपण बोट दाखवतो मिरजेच्या वानलेस साहेबांच्या इस्पितळाकडे, नाहीतर केडगावला दुष्काळातल्या मुली सांभाळणाऱ्या पंडिता रमाबाईंकडे. पुण्य त्यांनी केलं, अभिमान आपण बाळगतो! आमच्याकडच्या एका ख्रिस्ती मंदिरात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलंय. पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून भर मे महिन्यात त्या गृहस्थांना पंखा बंद हवा असतो. हसू नका, इथलेही पंखे मी येताना पाहिलेत. त्याच मंदिरात झारखंडहून बांधकामावर आलेली दोन पोरं महिनोन्‌महिने शेवटच्या बाकावर बसायची. उपासना सुटली की आम्ही एकमेकांना सलाम करायचो, त्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचायचा नाही. मग फाटकाशी गाडी कुणाची आडवी लावलीय यावरून भांडण. पुढे ती पोरं यायची बंद झाली, आणि कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंद झाली ती गाड्या लावण्याच्या प्रश्नाची.

घंटा? बरं. मग शोमरोनी भराभर.

एक. यहूदी आणि शोमरोनी यांचं हाडवैर. तरी यरीहोच्या वाटेवर त्याने त्या जखमी माणसाला जातपात विचारली नाही. शुद्धीवर तरी होता की नाही तो बिचारा!

दोन. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. जास्त लागले तर परतताना देतो म्हणाला. त्या मालकाने शोमरोन्याच्या तोंडी शब्दावर जखमी माणूस ठेवून घेतला, त्याच्यावर मात्र कुणी प्रवचन करत नाही. मी करणार होतो, पण वेळ संपली.

तीन, आणि हे तरुण संघासाठी. रस्त्यात अपघात दिसला तर ‘पोलिसांची कटकट’ म्हणून पुढे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. हे मोठ्या अक्षरांत छापून दाराशी लावा. छपाईचा खर्च मी देतो, खाली ‘सौजन्य’ म्हणून माझं नाव घालू नका.