व्हर्जिल, बेडूक आणि पेंटलंडचा बर्फ

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

माझी भाची बारावीनंतर थेट एम.ए.ला गेली. घरात पहिला गोंधळ इथेच उडाला. मधलं बी.ए. कुठं गेलं? स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कला शाखेच्या पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात आणि ती चार वर्षांची असते, हे मेहुण्यांना पटवून देण्यात एक अख्खी दिवाळी गेली. दुसरा गोंधळ विषयांचा. ग्लासगो विद्यापीठात तिनं जोडीनं घेतलेले विषय दोन : स्कॉटिश साहित्य आणि क्लासिक्स, म्हणजे ग्रीक-रोमन विद्या. मेहुणे म्हणाले, "एक मेलेली भाषा, दुसरी इंग्रजीची बोली. पोट भरेल असं यात एक तरी आहे का?"

मी उभा जन्म संस्कृत शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. पण उत्तर शोधायच्या निमित्तानं तिची पुस्तकं मी वाचायला घेतली आणि मीच त्यात अडकले. आज बोलणार आहे ते त्या अडकण्याविषयी. नोकरीचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, ते आधीच सांगून टाकते.

व्यवस्था अशी की पहिली दोन वर्षं दोन-तीन विषय घेऊन चाखून बघायचे, मग शेवटच्या दोन वर्षांत दोन विषयांना सारखा मान. लॅटिन किंवा ग्रीक अगदी मुळाक्षरांपासून सुरू करता येतं. ग्लासगो विद्यापीठ 1451 सालचं आणि लॅटिन तिथं त्या दिवसापासून. लॅटिनच्या अध्यासनाचं नावच मुळी 'ह्युमॅनिटी' असायचं, जणू माणूसपण त्या एका भाषेतच कोंडलेलं! स्कॉटिश साहित्याची कथा निराळी. 1911 साली ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह बागेत मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या पैशातून 1913 मध्ये स्कॉटिश इतिहास आणि साहित्य यांचं मिळून एक अध्यासन उभं राहिलं. साहित्याचा स्वतंत्र विभाग व्हायला 1971 उजाडलं. स्वतःच्या देशातल्या विद्यापीठात स्वतःच्या साहित्याला खोली मिळायला पाचशे वीस वर्षं! म्हणजे एक जुना वतनदार आणि दुसरा परवा आलेला भाडेकरू. मला दिसलं ते असं, की हा भाडेकरू त्याच वाड्यात लहानाचा मोठा झालेला आहे. त्याला वाड्याबाहेर काढून वाचलं तर तो अर्धाच कळतो.

सुरुवात अगदी मुळापासून करू. स्कॉटलंडच्या भूमीतून साहित्यात उमटलेला पहिला मोठा आवाज कुठला? रोमन सेनापती ॲग्रिकोला इसवी सन 83 च्या सुमारास उत्तरेत लढत होता. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कॅल्गॅकस नावाच्या नायकाचं युद्धापूर्वीचं भाषण इतिहासकार टॅसिटसनं दिलं आहे. रोमन लोक ओसाडी करतात आणि तिला शांतता म्हणतात, हे त्यातलं वाक्य जगभर गेलं. पण टॅसिटस कोण? ॲग्रिकोलाचा जावई. सासऱ्याच्या चरित्रात सासऱ्याच्या शत्रूच्या तोंडी घातलेलं, बहुधा स्वतःच रचलेलं, लॅटिनमधलं भाषण! स्कॉटलंडचा पहिला बंडखोर बोलतो तो जेत्याच्या भाषेत आणि जेत्याच्या जावयाच्या लेखणीतून. हा उतारा कुठल्या तासाला शिकवायचा, क्लासिक्सच्या की स्कॉटिश साहित्याच्या? माझ्या भाचीला तर त्यासाठी पुस्तकाबाहेरही जाता येतं. विद्यापीठाच्याच हंटेरियन संग्रहालयात अँटोनाइन भिंतीचे कोरीव दगड आहेत. इसवी सन 142 च्या सुमारास स्कॉटलंडच्या कमरेवर साठेक किलोमीटर लांबीची ही भिंत रोमनांनी घातली. कुठल्या पलटणीनं किती लांबी बांधली, ते या दगडांवर कोरलंय आणि काहींवर हात बांधलेले कैदीही आहेत. त्या कैद्यांची नावं मात्र कुठंच नाहीत.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येते, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. गॅविन डग्लस. सरदार घराण्यातला धर्मगुरू, एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चचा प्रमुख. यानं रोमन कवी व्हर्जिलचं 'ईनिड' हे लॅटिन महाकाव्य पुरंच्या पुरं स्कॉट्स भाषेत, म्हणजे मेहुण्यांच्या त्या 'इंग्रजीच्या बोली'त, आणलं. 22 जुलै 1513 रोजी काम हातावेगळं झालं. इंग्रजी आणि तिच्या भावंड-भाषांत 'ईनिड'चं हे पहिलं संपूर्ण भाषांतर. इंग्लंडच्या आधी स्कॉटलंडनं केलेलं, हे तिकडची मंडळी आवर्जून सांगतात. का सांगू नये?

डग्लसचा राग बघण्यासारखा आहे. इंग्लंडच्या कॅक्स्टन नावाच्या मुद्रकानं 1490 मध्ये फ्रेंचवरून 'ईनिड'ची एक गोष्टरूप नक्कल छापली होती. डग्लस म्हणतो, तिचं आणि व्हर्जिलचं साम्य किती? सैतान आणि संत ऑगस्टिन यांच्यात असतं तितकं. मग तो जाहीर करतो की मी दक्षिणेकडची, म्हणजे इंग्लंडची, भाषा वापरणार नाही, आमची वापरणार. गंमत अशी की त्याच्या आधीचे कवी याच भाषेला सरळ 'इंग्लिस' म्हणत. तिला 'स्कॉटिस' म्हणणाऱ्या पहिल्या काही लोकांत हा आहे. भाषेला तिचं नाव मिळालं ते व्हर्जिलचं भाषांतर करताना! लॅटिनच्या समोर उभं राहिल्यावर तिला कळलं की आपण कोण. आणि माणूस प्रामाणिक. स्कॉट्स जिथं अपुरी पडली तिथं लॅटिन, फ्रेंच, अगदी इंग्रजी शब्दही उसने घेतले, हे त्यानं कबूल केलंय.

तुमच्यातल्या काहींच्या मनात एव्हाना 'अमृतातेंही पैजा जिंके' आलं असेल. माझ्याही आलं. पण तुलना फार ताणू नका. ज्ञानेश्वर गीतेचा अर्थ लोकांच्या दारात नेत होते, डग्लस एका सरदाराच्या विनंतीवरून एका मूर्तिपूजक कवीचं काव्य आणत होता. सारखी आहे ती फक्त खांद्याची ठेवण, मोठ्या भाषेसमोर ताठ उभं राहण्याची.

त्यानं प्रत्येक सर्गाआधी स्वतःचं एक प्रास्ताविक जोडलं आणि खरा कवी तिथं सापडतो. सातव्या सर्गाचं प्रास्ताविक म्हणजे स्कॉटिश हिवाळा. गारठलेली जनावरं, चिखल, खिडकीबाहेरचा काळोख. थंडीनं काकडत तो शेकोटीकडे वळतो, खोलीत इकडेतिकडे बघतो, तर पुस्तकाच्या घोडीवर व्हर्जिल उघडा पडलेला. काम अर्धवट राहिलंय म्हणून मुकाट्यानं लेखणी उचलतो. भाषांतराचं काम केलेल्या कुणालाही हा क्षण ओळखू येईल. ट्रॉय नाही, रोम नाही, नुसतं थंड घर आणि संपत नसलेलं पान.

दुसरा प्रसंग हसवणारा. पंधराव्या शतकातल्या माफेओ व्हेजिओ नावाच्या इटालियन कवीनं 'ईनिड'ला तेरावा सर्ग जोडला होता. डग्लस म्हणतो, तो म्हातारा माझ्या स्वप्नात आला आणि माझ्या सर्गाचं भाषांतर का करत नाहीस म्हणून सोट्यानं पाठीत वीस रट्टे हाणले. मग केलं! भाषांतराची मागणी अशा भाषेत करणारे लेखक आमच्या ओळखीत नाहीत, हे आमचं नशीब.

काव्य पुरं झाल्यावर सात आठवड्यांनी, 9 सप्टेंबर 1513 ला, फ्लॉडनच्या लढाईत इंग्लंडनं स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स मारला. ज्या लॉर्ड सिंक्लेअरच्या सांगण्यावरून हे भाषांतर झालं तोही तिथंच पडला. डग्लस राजकारणात ओढला गेला, बिशप झाला आणि 1522 साली लंडनमध्ये प्लेगनं गेला. पुढं मोठं काव्य त्याच्या हातून झालं नाही. पुस्तक छापलं गेलं 1553 मध्ये, तेही लंडनला. पडलेल्या ट्रॉयमधून बापाला खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाची ती गोष्ट. फ्लॉडननंतर स्कॉटलंडमध्ये ज्यांनी ती हस्तलिखितात वाचली असेल, त्यांना काय वाटलं असेल?

दोनशे वर्षांनी याच पुस्तकानं आणखी एक काम केलं. 1707 मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा मिळून एक झाल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1710 मध्ये, एडिंबरात डग्लसची नवी आवृत्ती निघाली. तिला टॉमस रडिमन नावाच्या लॅटिन पंडितानं मोठा शब्दकोश जोडला. स्कॉट्स भाषेच्या कोशरचनेची पायाभरणी ती हीच. याच रडिमनचं लॅटिन व्याकरण पुढं शाळांतून पिढ्यानपिढ्या चाललं. स्कॉट्सचे जुने शब्द पहिल्यांदा नीट वेचून ठेवणारा माणूस लॅटिनचा मास्तर होता, आणि त्याला ते जमलं कारण शेजारी व्हर्जिलचं मूळ वाक्य होतं, अर्थ पडताळून बघायला. रडिमन एडिंबराच्या वकिलांच्या मोठ्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता. 1752 मध्ये त्याच्या जागेवर आला डेव्हिड ह्यूम, तत्त्वज्ञ. ह्यूमनं त्याच वर्षी काय केलं असेल? सभ्य लेखनात टाळावेत अशा स्कॉट्स शब्दप्रयोगांची यादी छापली. खुर्ची तीच, एकानं शब्द गोळा केले, दुसऱ्यानं ते गाळायला सांगितले. माझ्या मते स्कॉटलंडच्या सांस्कृतिक इतिहासाचा अर्धा भाग त्या एका खुर्चीत बसलाय.

आपण वाचनालयात बसलो आहोत, म्हणून कवी ॲलन रॅमझीची आठवण काढायलाच हवी. हा आधी केसांचे टोप बनवणारा कारागीर, मग पुस्तकविक्रेता. 1725 च्या सुमारास त्यानं एडिंबरात पैसे घेऊन पुस्तकं घरी नेऊ देणारं ग्रंथालय काढलं. रोमन कवी होरेस मूळ लॅटिनमध्ये आपल्याला अंधुकच कळतो, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं होतं. तरी त्यानं होरेसला हात घातला. होरेसची एक कविता आहे, सोराक्टे डोंगर बर्फानं पांढरा झालाय, चुलीत लाकडं घाल, चार वर्षं मुरलेली वाईन काढ. रॅमझीनं सोराक्टे उचलून बाजूला ठेवला आणि एडिंबराजवळचा पेंटलंड डोंगर आणून बसवला. लाकडांच्या जागी दगडी कोळसा. वाईनही बदलली, आता क्लॅरेट, म्हणजे फ्रान्सची तांबडी वाईन, तीही झाकणावर कोंबडीच्या तुऱ्यासारखी मूठ असलेल्या कथलाच्या मोठ्या भांड्यातून. आणि होरेसच्या स्वप्नातही नसलेली एक गोष्ट, बर्फामुळे मैदानावर एकही गोल्फ खेळणारा दिसत नाही! पंडितांना हे भाषांतर वाटणार नाही. मला मात्र वाटतं, होरेस याला कळला होता, फक्त लॅटिन कळलं नव्हतं.

कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं उलटं. लॅटिन चांगलं, पण विद्यापीठात ग्रीकच्या नावानं इतकी बोंब की पोरांनी नाव पाडलं 'ग्रीक ठोंब्या'. पठ्ठ्यानं होमरपेक्षा इटालियन कवी आरिओस्तो श्रेष्ठ असा निबंध लिहिला आणि हा मठ्ठ आहे, मठ्ठच राहणार, असा प्राध्यापकांचा शिक्का मिळवला. पुढं त्यानं 1816 च्या 'द अँटिक्वरी' कादंबरीत पुराणवस्तूंच्या वेडाची मजेशीर खोडी काढली. एक विद्वान गृहस्थ आपल्या जमिनीतला खड्डा दाखवून सांगतो की हा ॲग्रिकोलाचा तळ. इतक्यात एक भिकारी मागून म्हणतो, अहो, हे खोदताना मी इथंच होतो की! आणि दगडावरची ती अक्षरं? विद्वानाच्या मते लॅटिन अर्पणपत्रिका, भिकाऱ्याच्या मते गावातल्या एका म्हाताऱ्याच्या लांब डावाची, म्हणजे वाढायच्या पळीची, चेष्टा. आपल्याकडच्या ताम्रपटवाल्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

विसाव्या शतकाकडे धावतच जाते. ग्रीकचा प्राध्यापक आणि कवी डग्लस यंग यानं 1957 मध्ये ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसची 'बेडूक' ही नाटिका स्कॉट्समध्ये आणली. नाव 'द पडक्स'. दोन वर्षांनी 'पक्षी' आणली, 'द बर्डीज'. लंडनच्या सरकारला स्कॉटिश माणसाला सैन्यात भरती करायचा अधिकार नाही, असं म्हणून हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात तुरुंगात गेला होता. ग्रीक शिकवणारे सगळेच घरकोंबडे नसतात.

आणि 2000 सालची लिझ लॉकहेडची 'मिडिया', म्हणजे ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकाचं तिनं केलेलं रूप. मिडिया ही कोरिंथ शहरात येऊन राहिलेली परकी बाई. इथं मला एका गोष्टीनं थक्क केलं. तोवर स्कॉटलंडमध्ये हे नाटक करायचं तर सर्वसाधारण रिवाज असा, की परकी मिडिया स्कॉट्स बोलणार आणि कोरिंथचे प्रतिष्ठित लोक उच्चभ्रू इंग्रजी. लॉकहेडनं ते फिरवलं. कोरिंथकर स्कॉट्स बोलतात, कारण ते घरचे. मिडिया बोलते निर्वासितानं शिकलेलं परकं इंग्रजी. युरिपिडीसच्या नाटकातून आमच्या भाषेनं आम्हाला विचारलं की तुमच्या दारात आलेल्या बाईशी तुम्ही कसे वागता... 'आमच्या' म्हणाले का मी? बघा, भाचीचा परिणाम.

तिचा एक किस्सा सांगते आणि थांबते. पहिल्या वर्षी लॅटिनच्या वर्गात तिच्या शेजारी एक स्थानिक मुलगा होता, ईशान्येकडच्या शेतकऱ्याचा. विभक्त्यांनी तो टेकीला आलेला. हिनं शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेलं, हिला आठ विभक्त्यांपुढं लॅटिनच्या सहा म्हणजे सुट्टी. तिनं त्याला पंचमी समजावली. मग डग्लसचं पुस्तक निघालं आणि पारडं फिरलं. ते विचित्र स्पेलिंग हिला एक अक्षर लागेना, तो मात्र ओळ मोठ्यानं वाचायचा आणि हसायचा. निम्मे शब्द त्याच्या आजीच्या तोंडचे. शाळेत ते बोलल्याबद्दल त्याला ओरडा बसलेला. तेव्हापासून दोघं ग्रंथालयात एकाच टेबलावर बसायचे, मध्ये लॅटिन 'ईनिड', एका बाजूला डग्लस. क्रियापद ही शोधायची, शब्द तो सांगायचा.

मागच्या महिन्यात तिनं फोनवर विचारलं, "मावशी, 'पडक'ला आपल्याकडे बेडूकच म्हणतात ना, की आजीचा वेगळा शब्द होता?" माझी आई बेडकाला 'बेडकुळी' म्हणायची, ते मी सांगितलं. तिनं तो वहीत लिहून घेतला.