नागपूरचा कूलर आणि कोलोरॅडोचा बर्फ

मंडळी, नमस्कार. समितीने मला विषय दिला होता ‘स्कीइंगची ओळख’. तो मी परस्पर बदललाय. डेन्व्हरमध्ये ज्यांचा एक हिवाळा गेला त्यांची ओळख झालेलीच आहे. गुडघ्याची तरी नक्की. मी बोलणार आहे फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरबद्दल. पास काढलेला असतो, स्कीला मेण लावून झालेलं असतं, आणि आकाश निळंशार. बर्फाचा पत्ता नाही. तरी आय-सेव्हंटी महामार्गावर इथून साधारण ५३ मैलांवर, आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी, लव्हलँड या स्की रिसॉर्टची लिफ्ट सुरू झालेली असते. खिंडीपलीकडे अरापाहो बेसिनचीही. दोघांच्या पायथ्याची उंची जवळपास १०,८०० फूट, आणि आधी कोण उघडतं याची दरवर्षी चुरस.

हा बर्फ येतो कुठून? मशीनमधून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मशीन म्हणजे मोठा फ्रीज, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. माझीही होती.

मी नागपूरचा. आमच्याकडे एप्रिल उजाडला की कूलरला नव्या ताट्या, टुल्लू पंपाची खटपट, आणि रात्रभर वाळ्याचा वास. तोच कूलर माझ्या आत्येभावाने मुंबईला नेला आणि महिनाभर मला शिव्या घातल्या. खोलीत नुसती ओल, गारवा शून्य. कारण मुंबईची हवा आधीच पाण्याने तुडुंब. ताटीवरचं पाणी उडणार कुठे? पाणी उडताना उष्णता ओढून घेतं, म्हणून माठ गार होतो. हवा कोरडी असेल तितका जास्त गार.

बर्फाची तोफ, म्हणजे बर्फ पाडणारं हे मशीन, चालतं ते याच तत्त्वावर. थर्मामीटरवर काय दिसतं याला इथे फारशी किंमत नाही. बघायचं ते वेट बल्ब तापमान, म्हणजे बल्बला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा कुठे येईल ते. पारा २ अंशांवर आहे, म्हणजे गोठणबिंदूच्याही वर, पण आर्द्रता २० टक्केच आहे असं समजा. एवढ्या उंचीवर वेट बल्ब उणे ४ च्या आसपास जातो. तोफा सुरू! समुद्राकाठी, ९० टक्के आर्द्रतेत, त्याच २ अंशांना तुम्ही नुसता पाऊस पाडाल. कोलोरॅडोत ऑक्टोबरात लिफ्ट फिरते त्यात उंचीचा वाटा आहेच. पण रात्रीची हवा वैशाखातल्या नागपूरसारखी ठणठणीत कोरडी असते, हे कुणी सांगत नाही.

तोफेत दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र येतात. हवा बाहेर पडताच फुगते, फुगताना गार पडते, आणि काही थेंबांचे बारीक स्फटिक होतात. बाकीचे थेंब खाली येईपर्यंत त्यांना धरून गोठतात. असं स्फटिकाचं बी नसेल तर शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो, पार उणे ३० च्याही खाली. म्हणून काही ठिकाणी पाण्यात स्युडोमोनास सिरिंजी नावाच्या जिवाणूपासून केलेली भुकटी घालतात. हाच जिवाणू शेतातल्या पिकावर दव गोठवून नुकसान करतो. इथे त्याला पगारी नोकरी!

ही युक्ती प्रयोगशाळेतली नाही. १९४९-५० चा हिवाळा अमेरिकेच्या ईशान्येला कोरडा गेला. कनेक्टिकटमधल्या मोहॉक माउंटन या स्की रिसॉर्टच्या मालकाने ट्रकने बर्फाच्या लाद्या आणून, फोडून उतारावर पसरल्या. त्याच राज्यात वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची हे तिघे स्की बनवत. बर्फ नाही तर स्की कोण घेणार? मार्च १९५० मध्ये त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणि बागेची नळी जोडून बर्फ पाडला. धंदा बसला की डोकं चालतं.

एकदा पहाटे मी ही तोफ जवळून पाहिली. आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलायचं. तिथल्या पोराने फवाऱ्याखाली जाकिटाची बाही धरली. कण बाहीवरून टणटण उडाले तर बरं. चिकटून ओले डाग पडले तर पाणी कमी करायचं. रात्रभर अशाच बाह्या धरत फिरायचं. तयार झालेले ढिगारे घराएवढे. त्यांना हे लोक व्हेल म्हणतात. पाणी निथळलं की उतार सपाट करायच्या मशीनने पसरायचे. हा बर्फ घनमीटरला ४०० किलोच्या वर भरतो. आभाळातून नुकता पडलेला १०० सुद्धा भरत नाही. म्हणून तो उन्हाला पुरून उरतो, आणि म्हणूनच त्यावर पडलं की फरशीवर पडल्यासारखं लागतं.

आणि सगळ्यांना मिळून रन, म्हणजे घसरायचा उतार, एकच. दोन्हीकडे पिवळं गवत, मधून पांढरी फीत, तिच्यावर अख्खं डेन्व्हर. स्कीवाले तिला ‘मृत्यूची पांढरी फीत’ म्हणतात, ते थट्टेने. पण शनिवारी अकरा वाजता थट्टा वाटत नाही. मी एकदा एका लहान मुलीला वाट द्यायला फितीबाहेर दोन फूट गेलो. स्कीच्या तळाला दगडाने वीतभर चर पाडला. तेव्हापासून पावसाळी चपलांसारखा स्कीचा एक जुना जोड मी वेगळाच ठेवतो. इथे त्याला ‘रॉक स्की’ म्हणतात.

मग वाटतं, खरा बर्फ कधी पडेल? इथे जरा सबुरी. ऑक्टोबरातला नैसर्गिक बर्फ मला हवा असतो आणि नकोही असतो. २०२० च्या ऑक्टोबरअखेरीस बर्फ पडला आणि कोलोरॅडोतला ईस्ट ट्रबलसमचा वणवा थंडावला. सगळ्यांनी हात जोडले. पण असा पातळ थर उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. खाली जमीन शून्याजवळ, वर रात्रीची हवा उणे १५. खालच्या कणांची वाफ वर सरकते आणि पुन्हा गोठते, पण मोठ्या, कोनदार, सुट्या दाण्यांत. पुढे डिसेंबर-जानेवारीत त्यावर चार फूट बर्फ साचला की इमारत उभी असते वाळूवर. १९५० पासून अमेरिकेतल्या राज्यांत हिमस्खलनात सर्वाधिक माणसं कोलोरॅडोत गेली आहेत, आणि त्यामागे हा कुजका पाया मोठं कारण आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात राज्यात १२ जण गेले.

रिसॉर्टच्या हद्दीत तो थर मशीनखाली आणि हजारो स्कींखाली दाबला जातो, वर सुरुंग लावून उतार झाडले जातात. हद्दीबाहेर कोण दाबणार? नोव्हेंबरात बर्थूड खिंडीत गाडी लावा, सपाट जागी झाडाच्या सावलीत कोपरभर खणा आणि तळचा बर्फ मुठीत घ्या. जाड्या रव्यासारखा दिसेल. कितीही दाबा, लाडू वळत नाही. बोटांतून सगळा गळून जातो.