पोळा, पोया आणि पाच मिनिटांची चाचणी

नमस्कार श्रोतेहो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आमची शाळा द्विशिक्षकी, वर्ग पाच, खोल्या दोन. पावसाळ्यात एकच, कारण दुसरी गळते. आज वाचनाच्या चाचणीबद्दल बोलायचंय. चाचणी म्हटलं की पेपर आणि गुण आठवतात. मी म्हणतोय ती पाच मिनिटांत होते, पोराच्या हाती पेन नसतो आणि कामाला लागतात ते मास्तरचे कान.

उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पहिल्या आठवड्यात मी एकेका मुलाला जवळ बसवतो आणि चार ओळींचा परिच्छेद वाचायला देतो. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही अडले तर अक्षरं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांचं वाचन असंच तपासतात. परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात. त्यापुढं गेलं की मूल शब्दांवर उतरतं.

आता एक मुलगी बघा. तिसरीतली, शेतमजुराची. कार्डावर लिहिलं होतं, ‘आज पोळा. बाबांनी बैलाच्या गळ्यात फुलांची माळ घातली. बैल घरी आला. आईनं त्याला ओवाळलं.’

तिनं वाचलं, “आज पोया. बाबांनी बैलाच्या ग... ग...” अडली. पुढं गेली. “फुलाइची माय घातली. बैल धरी आला. आईनं त्याले ओवायलं.”

किती चुका? नोकरीत नवा होतो तेव्हा मी धडाधड लाल खुणा केल्या असत्या. पोया, माय, ओवायलं या तीन, गळ्यात अडली ती चौथी, धरी पाचवी. ‘फुलाइची’ आणि ‘त्याले’ धरलं तर सात. गेली पोरगी शब्दांच्या गटात! तेव्हा मी अशी कितीतरी पोरं खाली ढकलली असतील. आता आठवलं की लाज वाटते.

कारण ‘ळ’चा ‘य’ ही वाचनाची चूकच नव्हे. आपल्या वऱ्हाडीत डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया. मी तिला विचारलं, “माय म्हंजे काय वं?” तिनं गळ्याभोवती हात फिरवून दाखवला, वर हसली की सरले येवढंही समजत नाही. अक्षर तिनं ओळखलं, अर्थही पोचला, फक्त तो घरच्या बोलीतून बाहेर आला. खऱ्या चुका दोनच. पोरगी परिच्छेदात राहिली.

त्या दोन चुकांनी पुढच्या पंधरा दिवसांचं काम मात्र ठरवून दिलं. ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होत होती, म्हणून घर-धर, घार-धार अशी जोडीची कार्डं केली. जोडाक्षरासाठी अंगणात खडूनं रेघ मारली, एकीकडे ‘तळ्यात’ लिहिलं, दुसरीकडे ‘मळ्यात’, आणि खेळ लावला. पोरं ‘तयात-मयात’ ओरडत उड्या मारत होती. ओरडेनात का! पाय बरोबर शब्दावर पडत होते. पेपरात तिला दहापैकी चार मिळाले असते, आणि त्या चारातून मला यातलं काहीही कळलं नसतं.

मधल्या सुट्टीनंतर एक तास आम्ही वर्ग मोडतो. पोरं इयत्तेप्रमाणे न बसता अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा गटांत बसतात. पाचवीतलं एक पोरगं दुसरीच्या लेकरांत बसायला लाजत होतं. त्याला कार्डं वाटायचं काम दिलं, मग बसलं.

गरज किती आहे, तेही सांगतो. ‘असर’च्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, शाळाबंदीनंतर, हाच आकडा २०.५ होता. घसरलेलं भरून आलं, पण अजून चारातली तीन पोरं मागंच आहेत. हीच गरज धरून २०२१ मध्येच केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान आलं होतं. तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थासह, असं त्यात लिहिलंय.

हे ‘अर्थासह’च निसटतं. मोबाईलवर सेकंद मोजायला लागलं की पोरं रेल्वेसारखी सुटतात. एकानं तेच पोळ्याचं कार्ड भन्नाट वाचलं. विचारलं, “ओवाळलं कोनं?” तर पुन्हा कार्डाकडं बघायला लागला. वेग मोजायला सोपा, वरून आलेल्या लिंकमध्ये भरायलाही सोपा, म्हणून त्याचा मान वाढला असं माझं मत आहे.

मेळघाटातल्या माझ्या भाऊबंद शिक्षकांचं काम याहून अवघड. वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी निदान बहिणी आहेत, पण तिथल्या आदिवासी लेकरांच्या कोरकू भाषेचं कुळच वेगळं. तिथं मूल ‘माळ’ अचूक वाचेल आणि माळ म्हणजे काय ते त्याला माहीतच नसेल. तिथं आधी तोंडी गोष्टी, गप्पा, चित्रं, अक्षर मागून.

आणि हंगाम. सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळी, मग कापसाची वेचणी. मोठी पोरं वावरात, नाहीतर धाकट्याला सांभाळत घरी. डिसेंबरात पुन्हा चाचणी घेतली की काही जण एक पायरी उतरलेले दिसतात. मी त्यांना रागवत नाही, गट बदलतो.

माय-बापहो, तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालेल. रात्री जेवणं झाल्यावर लेकराला म्हणा, “वाच बरं.” ते थांबलं की विचारा, “मंग काय झालं?” एवढंच. वाचून दाखवायला समोर माणूस असला की पोरगं वाचतं.

ती मुलगी आता गोष्टीच्या गटात आहे. परवा शाळेतलं पुस्तक आजीला वाचून दाखवायला घरी घेऊन गेली. जाताना दारातून म्हणाली, “सर, उद्या आनते वापस, सकायी.” मी वहीत नोंद केली, पुस्तक उद्या सकाळी परत.

नमस्कार.