तोतया, मोडी आणि घरचा डबा

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, म्हणून आधी तक्रार सांगते. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया थांबेल, त्याला सवय आहे. (हशा)

पॉडकास्ट करणारी बाई म्हणजे घरच्यांच्या हिशेबात रिकामी बाई. सिलिंडर आला, दार मी उघडायचं. लेकीची कंपासपेटी मीच शोधायची. रेकॉर्डिंग मी कपाटात बसून करते, कारण साड्या आणि रजयांत आवाज घुमत नाही. पण एकदा दार लावून घेतलं की घरातल्या प्रत्येकाला त्याच कपाटातलं काहीतरी हवं असतं! १४ जानेवारी १७६१, पानिपत, दुपार, विश्वासराव पडलेत, मी आवाज खाली आणलाय, आणि बाहेर कुकरची शिट्टी. नवरा म्हणाला, "राहू दे, तोफ वाटतेय." एका श्रोत्याने तर त्या 'इफेक्ट'चं कौतुकही केलं.

जुन्या कागदांची मोडी लिपी वाचायचं तर आणखी कठीण. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ओळ सरळ धावत जाते. जरा कुठे सूर लागला की "आई, डबा!" पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून.

आमच्या सासूबाई मेथी निवडता निवडता सगळे भाग ऐकतात. एकदा म्हणाल्या, "भाऊसाहेबांच्या बाईने कुंकू पुसलंच नाही ना? मग लोकांचं काय चुकलं?" विषयाला खरं तोंड तिथून फुटलं.

पाच मिनिटं? बरं, पळवते.

लोक मला विचारतात, तो तोतया खरंच सदाशिवराव होता का? नव्हता. पानिपतावर भाऊंचं शिर नसलेलं धड ओळखलं गेलं, शिर नंतर सापडलं, हे अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय. पण पुण्याला काय कळलं? 'दोन मोत्ये गळाली', म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, एवढंच. पुण्यात प्रेत कुणी पाहिलं नव्हतं आणि पार्वतीबाई १७८३ पर्यंत सवाष्ण म्हणून जगल्या. अफवेला आणखी काय लागतं?

आता माझा मुद्दा. हा तोतया, सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातच पकडला गेला आणि किल्ल्यात पडून राहिला. माधवराव १७७२ मध्ये गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हं मूल, राघोबादादा इंग्रजांच्या गोटात. १७७६ मध्ये रत्नागिरीचे अंमलदार रामचंद्र नाईक परांजप्यांनी ह्याच माणसाला बाहेर काढलं आणि बघता बघता कोकणात फौज उभी राहिली. चेहरा तोच, गोष्ट तीच, बदललं होतं ते पुणं. परांजपे फसले असं मला वाटत नाही. त्यांना धनी हवा होता. म्हणून चेहरेपट्टीच्या साक्षी मी शेवटी वाचते. आधी बघते, त्या वर्षी कुणाकुणाला भाऊ जिवंत हवे होते.

महादजी शिंदे चालून गेले, तोतया आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त मिळाला. परांजप्यांचे हेतू मी अंदाजाने सांगतेय हे कबूल, पण त्यावर भांडायला चहा आहे.